एनपीडीचा संशय आहे आणि थेरपीला जायचंय? आधी हे वाचा

‘तू नार्सिसिस्ट आहेस’ हे वाक्य हल्ली मराठी घरांतल्या भांडणांत सर्रास ऐकू येतं. बायको नवऱ्याला म्हणते, सून सासूबद्दल मैत्रिणीला सांगते, टीममधली पोरं मॅनेजरबद्दल कँटीनमध्ये बोलतात. बहुतेकांना त्यातून ‘फार स्वतःपुरतं बघते ही व्यक्ती’ एवढंच म्हणायचं असतं. पण एखाद्याला ते लागतं. रात्री मोबाइलवर तो लक्षणं वाचत बसतो आणि सकाळी प्रश्न उरतो, की जायचं तर कुणाकडे, आणि जाऊन सांगायचं काय?

हा लेख त्या माणसासाठी आहे. नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर (आत्मकेंद्रीपणाचा व्यक्तिमत्त्व विकार), म्हणजे एनपीडी, हे निदान घेऊन मी बरीच वर्षं थेरपीत आहे. मी डॉक्टर नाही. वाटेत कुठे काय असतं, कुठे माणूस हमखास परत फिरतो, तेवढं सांगू शकते. तुम्ही बायको, मुलगा किंवा भाऊ म्हणून वाचत असाल तर थेट आठव्या पायरीकडे गेलात तरी चालेल.

१. निदान स्वतः करू नका, पण काय शोधलं जातं ते ठाऊक असू द्या

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या निदानपुस्तिकेत एनपीडी १९८० मध्ये आला. आजच्या आवृत्तीत नऊ निकष आहेत आणि त्यांतले किमान पाच लागू व्हावे लागतात. स्वतःच्या मोठेपणाची अवाजवी कल्पना, अमाप यश-सत्ता-सौंदर्याची स्वप्नं, आपण खास आहोत आणि खास लोकांनाच समजू शकतो ही खात्री, कौतुकाची न भागणारी भूक, आपल्याला वेगळी वागणूक मिळालीच पाहिजे ही अपेक्षा, माणसांचा कामापुरता वापर, दुसऱ्याच्या भावना ओळखायची नाखुशी, मत्सर किंवा ‘सगळे माझ्यावर जळतात’ ही समजूत, आणि वागण्यातला तोरा. यादी वाचून अर्धी सोसायटी त्यात बसते असं वाटेल. पण हे सगळं तरुणपणापासून, घरी, कामावर, मित्रांत असं सगळीकडे दिसावं लागतं आणि त्यापायी आयुष्याचं खरोखर नुकसान होत असावं लागतं. एका भांडणावरून किंवा एका वाईट वर्षावरून हे निदान होत नाही.

ही यादी गाजावाजा करणाऱ्या माणसाचं वर्णन करते. दुसरा एक प्रकार शांत असतो. ही माणसं सभेत शेवटच्या रांगेत बसतात आणि व्यासपीठावरच्या प्रत्येकाला मनातल्या मनात नापास करत असतात. टीकेचा एक शब्द त्यांना आठवडाभर पुरतो. कुणी नीट दखल घेतली नाही की ती आजारी पडल्यासारखी होतात. तज्ज्ञ याला व्हल्नरेबल, म्हणजे हळवा प्रकार म्हणतात आणि एकाच माणसात दोन्ही आलटून पालटून दिसतात. मी दुसऱ्या प्रकारात जास्त राहते. अशी बाई असली की आजूबाजूचे तिला ‘मानी’ म्हणून मोकळे होतात, आणि ती डॉक्टरकडे पोचते तेव्हा नैराश्याची रुग्ण म्हणून पोचते.

फाइलवर ‘एनपीडी’ हा शब्द दिसेलच असं नाही, हेही आधीच सांगून ठेवते. आपल्याकडचे बरेच डॉक्टर जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी ही पद्धत वापरतात. तिच्या दहाव्या आवृत्तीत हा विकार ‘इतर’च्या खणात, एफ६०.८ या क्रमांकाखाली येत असे. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तर अशी वेगवेगळी नावं जवळपास काढूनच टाकली आहेत. तिथे व्यक्तिमत्त्व विकार सौम्य, मध्यम की तीव्र ते ठरवतात आणि स्वभावाचे कोणते पैलू ठळक आहेत ते नोंदवतात. त्यामुळे डॉक्टरांनी तुमच्या मनातलं नाव लिहिलं नाही म्हणून त्यांना काही कळत नाही असं समजू नका. (आपल्यासारख्यांना असं समजायची फार घाई असते.)

ऑनलाइन चाचण्यांचं काय? त्यांतल्या बऱ्याच जणींचं मूळ नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी या ४० प्रश्नांच्या चाचणीत आहे. ती सर्वसाधारण लोकांमधला हा स्वभावविशेष संशोधनासाठी मोजायला बनवली होती. तिच्यात जास्त गुण पडले म्हणजे विकार, असा अर्थ निघत नाही. हळव्या प्रकारच्या माणसाला तर तिच्यात कमीही गुण पडू शकतात.

आणखी एक. मोठेपणाच्या गोष्टी काही आठवडेच चालल्या, झोप दोन-तीन तासांवर आली आणि तरी उत्साह उतू जात होता, वारेमाप खर्च झाला, तर तो बायपोलर विकारातला मॅनिया, म्हणजे अति-उत्साहाचा टप्पा, असू शकतो आणि त्याला वेगळे उपचार आहेत. दारू किंवा नशेच्या पदार्थांनीही असं चित्र तयार होतं. पन्नाशी-साठीत, आयुष्यभर समंजस असलेला माणूस अचानक बेफिकीर आणि उद्धट वागायला लागला, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवणं आधी. व्यक्तिमत्त्व विकार उतारवयात असा एकाएकी उगवत नाही.

२. तक्रार कागदावर उतरवा

‘मला एनपीडी आहे का ते सांगा’ असं म्हणून आत जाऊ नका. अर्धा तास त्या शब्दावर वाद घालण्यात जातो. त्याऐवजी जे मोडलंय ते घेऊन जा. तिसरी नोकरी साहेबाशी भांडून सोडली. मुलगी फोन उचलत नाही. बायको माहेरी गेली आहे आणि या वेळी ती परत येईल असं वाटत नाही. प्रमोशन दुसऱ्याला मिळाल्यावर पंधरा दिवस अंथरुणातून उठवलं नाही.

घरी बसून एका पानावर एवढंच लिहा:

– गेल्या वर्षातली तीन मोठी भांडणं. प्रत्येकात समोरच्याने नेमकं काय म्हटलं, तुम्ही काय म्हटलं, आणि दोन तासांनी एकटे असताना काय वाटत होतं. ही तिसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तीच आपण गाळतो. बाहेरून दिसतो तो राग, पण दोन तासांनी खाली सापडते ती बहुतेक वेळा लाज.
– तुटलेली नाती. कोणी तोडलं, कशावरून, हे एकेका ओळीत. स्वतःची बाजू मांडू नका. ती तोंडपाठ असते, विचारल्यावर सांगालच.
– जवळच्या एका माणसाने तुमच्याबद्दल केलेली तक्रार, त्याच्याच शब्दांत.
– झोप, दारू, तंबाखू, गोळ्या. आणि मरणाचे विचार येतात का.

पान सुंदर करायचा मोह होईल. होऊ दे, पण दुसरा मसुदा करू नका.

३. कुणाकडे जायचं

तीन वेगवेगळे व्यवसाय आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस झाल्यावर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. ते निदान करतात, औषध देतात, आणि काही जण थेरपीही करतात. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर शिक्षणानंतर रुग्णालयात राहून प्रशिक्षण घेतलेले, आजवर बहुतेक करून एम.फिल. झालेले. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते आणि ती ऑनलाइन तपासता येते. मानसशास्त्रीय चाचण्या आणि दीर्घ थेरपी हे त्यांचं मुख्य काम. तिसरे समुपदेशक. या गटात उत्तम प्रशिक्षित लोकही आहेत आणि शनिवार-रविवारच्या कोर्सवर पाटी लावलेलेही.

व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नासाठी माझं मत असं की एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून नैराश्य, बायपोलर, व्यसन यांचा निकाल लावून घ्यावा, आणि मग दर आठवड्याच्या थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा थेरपीचं चांगलं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती गाठावी.

पैसे हा खरा प्रश्न आहे. मुंबई-पुण्यात खासगी सेशनला साधारण हजार ते अडीच-तीन हजार रुपये पडतात आणि ही थेरपी महिनोन्‌महिने चालते. सरकारी वाट आहे. मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल या ठिकाणी मानसोपचाराची ओपीडी आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथेही बाह्यरुग्ण विभाग असतो. मनोरुग्णालयाच्या दारातून आत गेलं म्हणजे ॲडमिट करतात, हा जुना गैरसमज आहे. गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. बाकी जिल्ह्यांत सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर भेटतात. सरकारी ओपीडीत केस पेपर काढून लवकर नंबर लावा. गर्दीत दर आठवड्याला पाऊण तास मिळणं कठीण, पण निदान, औषधं आणि चाचण्या नीट होतात, आणि मोठ्या रुग्णालयात शिकणाऱ्या डॉक्टरांकडे थेरपीसाठी नंबर लावता येतो का ते विचारता येतं. शिकणाऱ्या मुलीकडे पाठवलं म्हणून तोंड वाकडं करू नका. तिच्यावर वरिष्ठांची देखरेख असते, आणि हे खासगीत प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही.

कुणाकडे जायचं हेच सुचत नसेल तर टेलि-मानस हा सरकारी फोन क्रमांक आहे, १४४१६. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. छोट्या गावात ‘कोणीतरी बघेल’ ही अडचण असेल तर ऑनलाइन थेरपी चालते, फक्त घरात दार लावून बसता येईल अशी जागा हवी. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींनी इथले थेरपिस्ट ऑनलाइन गाठण्याआधी तिथला नियम बघावा. अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो, त्यामुळे बरेच जण परदेशातले रुग्ण घेत नाहीत.

अपॉइंटमेंट घेताना फोनवर विचारा: नोंदणी कुठे आहे, पर्सनॅलिटी डिसऑर्डरच्या लोकांबरोबर दीर्घ काम करता का, कुठल्या पद्धतीने, सेशन किती मिनिटांचं, आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे लागतात का, मराठीत बोलता येईल का. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो. पण इंग्रजीत मी फार हुशार बोलते, आणि रडायची वेळ आली की ती टाळायला इंग्रजी माझ्या फार उपयोगी पडतं.

या पायरीवरचा मोठा सापळा म्हणजे ‘शहरातला सर्वांत नावाजलेलाच हवा’. आपल्या तोडीचा डॉक्टर शोधण्यात लोक वर्ष घालवतात, मग तो सापडतो, त्याची वेळ मिळत नाही, आणि आपण प्रयत्न केला याचं समाधान मिळतं. नोंदणी पक्की, अनुभव ठीक, दर आठवड्याला वेळ देणारी, जाता-येता परवडणारी व्यक्ती मिळाली की थांबा.

४. सोबत काय न्यायचं

– ओळखपत्र. सरकारी रुग्णालयात आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) क्रमांक असेल तर केस पेपर लवकर निघतो.
– आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी. आयुर्वेदिक आणि झोपेच्या गोळ्यांसकट.
– अलीकडच्या रक्ततपासण्या असतील तर त्या. थायरॉइड आणि बी१२ डॉक्टर बहुधा बघतात.
– दुसऱ्या पायरीतलं पान.
– अडीअडचणीला फोन करता येईल अशा एका माणसाचं नाव आणि नंबर.
– मेडिक्लेमची पॉलिसी, अपेक्षा माफक ठेवून. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच धरायचं आहे. पण बऱ्याच पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे आठवड्याची थेरपी त्यात बसत नाही. ‘ओपीडी कव्हर’ आहे का ते बघा. कंपनीत मोफत समुपदेशनाची सोय असेल तर सुरुवातीची काही सेशन तिथे मिळतात, मात्र एचआरकडे काय कळवलं जातं ते आधी लेखी विचारा.

त्याच कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचं आहे. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद सोडले तर तुमची माहिती बाहेर जाऊ नये. कलम २५ नुसार स्वतःचे वैद्यकीय कागद मागायचा हक्क तुम्हाला आहे. आत्महत्येचे विचार येतात असं सांगितलं तर पोलीस केस होईल, ही भीती मनातून काढा. प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच कलम ११५ धरून चालतं.

घटस्फोटाची किंवा मुलाच्या ताब्याची केस चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. ‘मी नॉर्मल आहे’ असं सर्टिफिकेट मिळवायला थेरपी लावली, तर ना धड सर्टिफिकेट मिळतं, ना थेरपी होते. उलट बाजूनेही तेच. नवऱ्याला न बघता ‘तो नार्सिसिस्ट आहे’ असं लिहून देणारा डॉक्टर भेटला तर त्याच्याकडे परत जाऊ नका.

५. पहिल्या काही भेटी

पहिल्या भेटीत थेरपी होत नाही, चौकशी होते. बालपण, शाळा, आईवडील, नोकऱ्या, लग्न, झोप, व्यसन, मरणाचे विचार. काही डॉक्टर तुमच्या परवानगीने घरच्या एका माणसाशी बोलतात. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, पण हो म्हणा. या विकारात आपण सांगितलेली गोष्ट आणि घरच्यांनी पाहिलेली गोष्ट वेगळ्या निघतात, आणि डॉक्टरला दोन्ही हव्या असतात.

चाचण्या सांगितल्या तर बहुधा एमसीएमआयसारखी लेखी प्रश्नावली, शाईच्या डागांची रोर्शाक, किंवा चित्रं बघून गोष्ट सांगायची टीएटी. ‘बरोबर’ उत्तरं नेटवर शोधून जाऊ नका. आपण किती कल्पक आहोत ते दाखवायला डागात भलतंसलतं पाहण्याचीही गरज नाही. निदानाला काही भेटी लागतात. अर्ध्या तासात शिक्का मारणाऱ्यापेक्षा ‘अजून ठरवायचं आहे’ म्हणणारे मला बरे वाटतात.

६. थेरपीत नक्की काय करतात

एनपीडीसाठी म्हणून मान्य झालेलं औषध नाही. सोबत नैराश्य, चिंता, चिडचिड असेल तर त्यांना औषध मिळतं आणि ते घ्यावं. बाकी काम बोलण्याचं. एनपीडीवरच्या उपचारांचं मोठं, नियंत्रित संशोधन फार थोडं आहे. वापरल्या जाणाऱ्या बऱ्याचशा पद्धती बॉर्डरलाइन (भावना आणि नाती फार अस्थिर असणाऱ्या) व्यक्तिमत्त्व विकारावर घडलेल्या किंवा तपासलेल्या आहेत. म्हणून ‘अमुक पद्धतीने नक्की बरं होतं’ असं कोणी छातीठोक सांगत असेल तर जपून.

जेफ्री यंग यांची स्कीमा थेरपी आपल्याकडे काही थेरपिस्ट करतात. तिच्यात माणसाच्या वेगवेगळ्या अवस्था ओळखायला शिकवतात. बढाया मारणारी एक, मालिका-दारू-कामात स्वतःला गुंगवून ठेवणारी एक, आणि या दोघींच्या मागे एक एकटं पडलेलं मूल. मला हे सुरुवातीला बालिश वाटलं होतं. आता भांडणाच्या मधोमध ‘ही कोणती बोलतेय?’ असा प्रश्न पडतो, आणि तेवढ्याने कधीकधी तोंड मिटतं.

दुसरी एक गोष्ट ठाऊक असली तर थेरपिस्टचं वागणं समजायला सोपं जातं. १९७० च्या दशकात या विकारावर दोन मोठ्या मनोविश्लेषकांचा मतभेद गाजला. हाइन्झ कोहुट आणि ऑटो कर्नबर्ग, दोघांचाही जन्म व्हिएन्नाचा, दोघांचंही नाव झालं अमेरिकेत. कोहुट म्हणत, या माणसाला लहानपणी कुणी समजून घेतलेलं नाही, त्याच्या वाढीत ती जागा रिकामी राहिली आहे, म्हणून थेरपिस्टने आधी त्याच्या नजरेतून बघावं, त्याच्या मोठेपणाच्या फुग्याला घाईने टाचणी लावू नये. कर्नबर्ग म्हणत, हा मोठेपणा म्हणजे राग आणि मत्सर झाकणारी तटबंदी आहे, ती दिसेल तिथे दाखवून दिली पाहिजे. त्यांच्याच विचारातून पुढे ट्रान्सफरन्स-फोकस्ड थेरपी आली. तिच्यात तुम्ही थेरपिस्टशी आत्ता, या खोलीत कसे वागताय त्यावरच बोलणं होतं. आजचे थेरपिस्ट दोन्हीकडचं घेतात. त्यामुळे एखाद्या आठवड्यात फार समजून घेतल्यासारखं वाटेल आणि पुढच्याच आठवड्यात ‘मी घड्याळाकडे बघितलं तेव्हा तुमचा आवाज बदलला, बरोबर?’ असा प्रश्न येईल. दोन्ही थेरपीच आहे.

७. सोडून जावंसं वाटेल तेव्हा

हा लेख मुळात या पायरीसाठी लिहिला आहे. एनपीडीची थेरपी अपुरी सुटते ती बहुतेक वेळा एखाद्या लागलेल्या शब्दावरून. थेरपिस्टला तुमच्या साहेबाचं नाव आठवलं नाही. दहा मिनिटं उशीर झाला. बाईंनी पंधरा दिवस सुट्टी घेतली आणि तुम्हाला विचारलंही नाही. किंवा त्यांनी म्हटलं, ‘त्या प्रसंगात तुमच्या बहिणीला काय वाटलं असेल?’ आणि तुमच्या कानशिलातून वाफा निघाल्या.

त्याच्या आधी बहुधा मधुचंद्र असतो. पहिले काही आठवडे ‘आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला समजून घेतंय’ असं वाटतं, मैत्रिणींना नंबर दिला जातो. मग एक ठेच लागते आणि त्याच बाई सामान्य, कमी शिकलेल्या, पैशासाठी बसलेल्या वाटायला लागतात. हे दोन्ही टोकांचं बघणं तुमच्या लग्नात, नोकरीत, मैत्रीत होत आलंय तेच आहे. फरक एवढाच की इथे समोरच्या माणसाला त्याबद्दल बोलायचे पैसे मिळतात, आणि तो उलटून भांडत नाही.

म्हणून पहिल्याच महिन्यात थेरपिस्टबरोबर एक करार करा आणि वहीत लिहून ठेवा. सोडायचं ठरवलं तर व्हॉट्सॲपवर कळवणार नाही, समोर बसून सांगेन, आणि सांगितल्यानंतरही आणखी दोन सेशनना येईन. त्या दोन सेशनचे पैसे आगाऊ भरता आले तर भराच. आपण पैसे वाया जाऊ देत नाही, या स्वभावाचा इथे उपयोग होतो.

सांगायचं कसं? ‘गेल्या वेळी तुम्ही बहिणीबद्दल जे विचारलंत, त्याचा मला राग आला, आणि तेव्हापासून तुम्हाला यातलं काही कळत नाही असं मला वाटतंय.’ एवढं वाक्य घरून लिहून नेलं तरी चालतं. चांगल्या थेरपिस्टला याचं वाईट वाटत नाही. त्यांची खरंच चूक असेल तर ते मान्य करतात. कोणी आपली चूक मान्य केली आणि तरी त्याची किंमत कमी झाली नाही, हे बघणं माझ्यासाठी नवीन होतं.

गळतीच्या वाटा आणखीही आहेत. एक म्हणजे बढती मिळाली, नवं प्रेम जमलं, आणि ‘आता मी बरा आहे’. कौतुकाचा पुरवठा वाढला की लक्षणं झाकली जातात, म्हणून चांगल्या बातमीच्या महिन्यात सोडू नका. दुसरी, आदर्श रुग्ण होणं. वेळेवर जायचं, मजेदार किस्से सांगायचे, थेरपिस्टला हसवायचं आणि आतलं काही न सांगता परत यायचं. तिसरी घरात दिसते. थेरपीतले शब्द शिकून ‘तू मला ट्रिगर करतेस’, ‘माझ्या थेरपिस्टही म्हणाल्या की प्रॉब्लेम तुझा आहे’. थेरपिस्टने हे असं म्हटलेलं नसतं, तुम्हालाही ते माहीत असतं.

आणि धोक्याची एक गोष्ट. मोठेपणाचं कवच पातळ व्हायला लागलं की खाली रिकामपण लागतं. अशा काळात, किंवा नोकरी जाणं, जाहीर अपमान, घटस्फोट अशा धक्क्यानंतर, आत्महत्येचा विचार फारशी पूर्वसूचना न देता येऊ शकतो. कालपर्यंत ऐटीत वावरणाऱ्या माणसालाही. हे थेरपिस्टला आधीच सांगून रात्री-अपरात्री काय करायचं ते ठरवून घ्या. चौथ्या पायरीतला नंबर त्यासाठीच आहे. तो लागला नाही तर १४४१६, आणि जीव धोक्यात असेल तर ११२ किंवा जवळच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी.

थेरपिस्ट खरोखर बदलायची कारणं वेगळी आहेत: शारीरिक जवळीक किंवा बाहेर भेटायचं आमंत्रण, तुमच्या ओळखीतून काम करून मागणं, दुसऱ्या रुग्णांची नावं घेऊन गप्पा, ‘सहा सेशनमध्ये गॅरंटी’, मागच्या जन्माचे दाखले, किंवा महिनोन्‌महिने नुसती तुमची वाहवा. शेवटचं कारण ओळखणं सर्वांत अवघड, कारण तिथे आपल्याला फार बरं वाटत असतं.

८. घरच्यांसाठी

‘तू नार्सिसिस्ट आहेस, डॉक्टरकडे चल’ असं म्हणू नका. माणूस डॉक्टरकडे जात नाही आणि तो शब्द मात्र पुढची दहा वर्षं भांडणात फिरतो. काका-मामांना बोलावून चार लोकांत समजावण्याचा आपला जुना उपाय इथे हमखास उलटतो. ज्याचा सगळा त्रास लाज लपवण्याचा आहे, त्याला चारचौघांत लाजवलं तर तो आणखी चवताळतो. ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हा दुसरा उपाय. त्यात एका परक्या मुलीचा बळी जातो.

काय बोलता येतं? एकट्याने, शांत दिवशी, एका घटनेबद्दल, आणि पुढे तुम्ही काय करणार ते. ‘रविवारी पाहुण्यांसमोर तू माझ्या पगाराची थट्टा केलीस. पुन्हा झालं तर मी उठून जाईन. तुला झोप येत नाही, ऑफिसात त्रास होतोय, त्यासाठी कुणाला भेटायचं असेल तर मी बरोबर येते.’ आणि पुन्हा झालं तर खरंच उठून जा. झोप, चिडचिड, कामावरचा ताण या दारातून बरेच जण आत येतात. तसेच आले तरी चालेल.

जबरदस्तीने ॲडमिट करता येतं का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. २०१७ च्या कायद्यात संमतीशिवाय भरती करायला कडक अटी आहेत. मानसिक आजार तीव्र असावा लागतो, आणि स्वतःला इजा करण्याचा धोका, दुसऱ्यावर हिंसा किंवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता यांपैकी काही दिसावं लागतं. नुसता अहंकार त्यात बसत नाही, आणि बसू नये.

घरात मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी असेल तर त्याच्या निदानाची वाट बघू नका. महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही धरला आहे. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. अशा घरात जोडप्याची एकत्र थेरपी सुरू करू नका. तिथे बोललेलं घरी आल्यावर वसूल केलं जातं. तुम्ही स्वतःसाठी वेगळी समुपदेशक बघा, तो थेरपीला जावो न जावो.

९. फरक कशात दिसतो, आणि थेरपिस्ट बदलावा लागला तर

आठवड्याला एक सेशन धरलं तर काही महिन्यांत झोप, चिडचिड, दारू यांत फरक पडलेला दिसायला हवा. स्वभावाचं काम वर्षांच्या हिशेबात चालतं. खुणा छोट्या असतात. माफी मागताना ‘पण’ लागत नाही. मैत्रिणीच्या बातमीवर आपली बातमी सांगायच्या आधी एक प्रश्न विचारला जातो. मीटिंगमध्ये कोणी चूक काढली तर चेहरा तापतो, पण उत्तर दुसऱ्या दिवशी दिलं तरी चालतं. घरच्यांना या खुणा तुमच्या आधी दिसतील. त्यांनी दाद द्यावी अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, कारण त्यांच्याकडची जुनी थकबाकी मोठी असते.

दर चार-सहा महिन्यांनी थेरपिस्टबरोबर बसून दुसऱ्या पायरीतलं पान पुन्हा वाचा. काहीच हललं नसेल तर पद्धत बदलायची का, औषधाचा विचार करायचा का, दुसरं मत घ्यायचं का, यावर उघड बोला.

बदली झाली किंवा थेरपिस्टने गाव सोडलं, तर निरोपाची दोन-तीन सेशन मागून घ्या आणि आजवरच्या उपचारांचा एक पानी सारांश लिहून मागा. निदान, औषधं आणि त्यांचे डोस, कोणत्या पद्धतीने काम झालं, चाचण्यांचे निकाल. नव्या ठिकाणी पहिल्याच भेटीत तो कागद द्या, आणि आधीच्या थेरपिस्टकडे कोणत्या शब्दावरून तुम्ही दार आपटून निघणार होतात, तेही सांगा.